‘द वाइल्ड बंच’ (१९६९) पडद्यामागे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅम पेकिनपाच्या या वेस्टर्नबद्दल पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तरांत शेवटही आला आहे, त्यामुळे सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या. या सिनेमाभोवती दंतकथांचं रान माजलेलं आहे. जी गोष्ट केवळ किस्सा म्हणून सांगितली जाते, तिथे तसं म्हटलं आहे.

गोष्ट काय आहे आणि चित्रीकरण कधी झालं?

साल १९१३. टेक्सासच्या सीमेवर वय झालेल्या दरोडेखोरांची एक टोळी रेल्वेचं कार्यालय लुटायला जाते. तिथे त्यांच्यासाठी सापळा लावलेला असतो. कशीबशी सुटका होते, पण पळवून आणलेल्या पोत्यांत पैशांऐवजी लोखंडी वॉशर निघतात. टोळी मेक्सिकोत शिरते आणि मापाचे नावाच्या जनरलसाठी अमेरिकन लष्कराची शस्त्रं आगगाडीतून पळवायचं काम घेते. त्यांच्या मागावर असतो डीक थॉर्नटन, टोळीप्रमुख पाइक बिशपचा एके काळचा जोडीदार. शेवटी टोळीतला तरुण एंजल जनरलच्या ताब्यात सापडतो, चौघे जण त्याला सोडवायला जातात आणि त्यांतला कुणीही जिवंत परतत नाही.

चित्रीकरण २५ मार्च १९६८ ला सुरू झालं आणि जूनअखेर संपलं. सिनेमा जून १९६९ मध्ये लागला.

मेक्सिकोतच का? अमेरिकेत तसे सेट तयार होते ना?

होते, पण पेकिनपाला तेच नको होते. हॉलीवूडच्या आवारातले वेस्टर्न रस्ते इतक्या सिनेमांत आणि टीव्ही मालिकांत येऊन गेले होते की प्रेक्षकाला त्यांचा कोपरान् कोपरा पाठ झालेला. मेक्सिकोच्या कोआहुइला राज्यात पारास दे ला फुएन्ते हे जुनं, द्राक्षमळ्यांचं गाव आहे. सुरुवातीचा दरोडा तिथे चित्रित झाला; पडद्यावर ते टेक्सासमधलं स्टारबक म्हणून येतं. अखेरची लढाई सिएनेगा देल कार्मेन या पडक्या हासिएंडात, म्हणजे जमीनदाराच्या मोठ्या वाड्यात झाली, आणि पूल उडतो तो तोर्रेओन शहराच्या बाजूच्या नासास नदीवर.

मेक्सिकन क्रांतीची सुरुवात करणारा फ्रान्सिस्को मादेरो याच पारासचा. फेब्रुवारी १९१३ मध्ये त्याचा खून झाला आणि जनरल हुएर्ताने सत्ता बळकावली. पडद्यावरचा मापाचे हा हुएर्ताच्याच बाजूचा सेनानी. मादेरोच्या जन्मगावात अमेरिकन युनिटने हुएर्ताच्या काळातला सिनेमा काढावा, हा योगायोग मेक्सिकन प्रेक्षकाच्या लगेच ध्यानात येतो; आपल्याला तो कुणीतरी सांगावा लागतो.

गैरसोय अर्थातच होती. एप्रिल ते जून म्हणजे तिकडचा कडक उन्हाळा. त्यात धूळ. कॅमेऱ्यात फिल्म ज्या चौकटीसमोरून सरकते, तिथे धुळीचा कण किंवा सुतासारखा तंतू अडकला की तो पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो, आणि कण टोकदार असेल तर निगेटिव्हवर शेवटपर्यंत ओरखडा उमटतो. म्हणून प्रत्येक चांगल्या टेकनंतर ती चौकट उघडून पाहावी लागते. एक कॅमेरा असेल तर हे मिनिटभराचं काम. पाच-सहा कॅमेरे चालू असताना एका चौकटीत कण सापडला तर पुन्हा सगळी फौज जागेवर उभी करायची का, असा प्रश्न उभा राहतो.

यातले जुने नट कोण कोण, आणि तेव्हा त्यांची वयं काय होती?

पाइक बिशप झालेला विल्यम होल्डन आणि टेक्टर गॉर्च झालेला बेन जॉन्सन, हे दोघंही चित्रीकरण चालू असतानाच पन्नाशीत शिरले. होल्डन एप्रिलमध्ये, जॉन्सन जूनमध्ये. डच एंगस्ट्रॉम करणारा अर्नेस्ट बोर्गनाइन ५१ वर्षांचा होता. डीक थॉर्नटन म्हणजे रॉबर्ट रायन, वय ५८. म्हाताऱ्या साइक्सच्या भूमिकेत एडमंड ओब्रायन, वय ५२. मापाचे साकारणारा एमिलिओ फर्नांडेझ ६४ वर्षांचा. चौघांतला वॉरन ओट्स तेवढा चाळिशीच्या अलीकडे होता.

यांतल्या तिघांकडे ऑस्कर होतं: ओब्रायनकडे १९५४ च्या ‘द बेअरफूट कॉन्टेसा’चं, बोर्गनाइनकडे १९५५ च्या ‘मार्टी’चं आणि होल्डनकडे १९५३ च्या ‘स्टॅलाग १७’चं. जॉन्सनला ते पुढे १९७१ च्या ‘द लास्ट पिक्चर शो’साठी मिळालं. हा माणूस मुळात खराखुरा काउबॉय. १९५३ साली तो दोरफासाच्या सांघिक रोडिओ स्पर्धेतला जगज्जेता होता. पडद्यावर घोड्यावर इतक्या सहज बसलेला दुसरा कुणी या सिनेमात नाही. त्याच्या शेजारून कुणी घोडा हाकत गेला की फरक चटकन डोळ्यांत भरतो.

रेल्वेचा निर्दय अधिकारी हॅरिगन करणारा अल्बर्ट डेकर मे १९६८ मध्ये वारला. हा त्याचा शेवटचा सिनेमा. तो पडद्यावर आलेला त्याला पाहता आला नाही.

पाइकची भूमिका आधी ली मार्विन करणार होता, हे खरं का?

हो. मूळ कल्पना रॉय सिकनरची. तो स्टंटवाला आणि मार्विनच्या ओळखीतला. त्यामुळे सुरुवातीला सगळी जुळवाजुळव मार्विनला धरूनच चालली होती. पण ‘पेंट युअर वॅगन’साठी भलीमोठी रक्कम आली आणि तो तिकडे गेला. मग काम होल्डनकडे आलं.

आमच्या मते ही इष्टापत्ती ठरली. मार्विन तेव्हा ऐन भरात होता. होल्डनच्या चेहऱ्यावर मात्र दारूच्या आणि उतरणीला लागलेल्या वर्षांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या, आणि पाइकला नेमकं तेच हवं होतं. रिकिबीचा पट्टा तुटून पाइक घोड्यावरून खाली पडतो आणि दुखऱ्या पायाने पुन्हा खोगीर चढतो, तो प्रसंग पाहा. होल्डन तिथे एक शब्द बोलत नाही. मागून जॉन्सन आणि ओट्स कुचेष्टा करतात, आणि पाठमोरा होल्डन ताठ बसून पुढे निघतो.

त्याला मिशी मात्र नको होती. पेकिनपाने ती चिकटवायला लावलीच.

बोर्गनाइन लंगडतो, तो अभिनय आहे का?

नाही. त्याआधीच्या ‘द स्प्लिट’ या सिनेमाच्या वेळी त्याचं पाऊल मोडलं होतं आणि मेक्सिकोत तो प्लास्टर घेऊनच उतरला.

नटाचा पाय प्लास्टरमध्ये असला की कामाची आखणी बदलते. चौकट गुडघ्याच्या वर धरायची. घोड्यावर चढण्या-उतरण्याचं काम बदली माणसाकडून करून घ्यायचं, किंवा नट आधीच खोगिरावर बसलेला दाखवायचा. चालण्याचे शॉट शक्य तितके पुढे ढकलायचे. या सिनेमात आणखी एक सोय होती: टोळीतला प्रत्येक जण कुठे ना कुठे जायबंदी, त्यामुळे एक लंगडणं वाढलं तर बिघडत नव्हतं.

एडमंड ओब्रायन खरंच इतका म्हातारा होता?

होल्डनपेक्षा जेमतेम अडीच वर्षांनी मोठा. पांढरी दाढी, तंबाखूने पिवळे-काळे केलेले दात, ढगळ कपडे आणि चिरका आवाज, एवढ्या भांडवलावर त्याने सत्तरीचा माणूस उभा केला. त्याची दृष्टी आणि तब्येत तेव्हा ठीक नव्हती, त्यामुळे धडपडत चालण्यात सोंग किती आणि खरं किती, हे वेगळं काढता येत नाही.

रॉबर्ट रायन आणि दिग्दर्शकात काय बिनसलं होतं?

दोन किस्से सांगितले जातात. एक असा की राजकीय प्रचारासाठी रायनला काही दिवस सुट्टी हवी होती. पेकिनपाने नाही म्हटलं आणि वर रोज मेकअप-पोशाखात बोलावून बसवून ठेवलं, पण शॉट काही घेतला नाही. शेवटी रायनचा संयम सुटला. दुसरा किस्सा श्रेयनामावलीचा: आपलं नाव कुठे येणार यावरून रायन कुरकुरत होता, म्हणून पेकिनपाने ते घोड्यांच्या ढुंगणांवर गोठवलेल्या चित्रावर टाकलं.

दुसऱ्या किश्श्याची शहानिशा घरबसल्या करता येते. सुरुवातीची नामावली नीट पाहा. चित्र हलतं, गोठतं, रेघोट्यांच्या जुन्या छायाचित्रासारखं काळंपांढरं होतं आणि त्यावर नाव येतं. कुणाच्या नावाला कुठलं चित्र आलंय ते बघा आणि काय ते ठरवा.

मुंग्या आणि विंचवांचा तो प्रसंग कुणी सुचवला?

एमिलिओ फर्नांडेझने. पोरं विंचवाला मुंग्यांच्या वारुळावर सोडून मजा बघतात, ही त्याची लहानपणची आठवण. ती ऐकल्यावर पेकिनपाने तिला सिनेमाच्या अगदी तोंडाशी जागा दिली.

फर्नांडेझला निव्वळ नट समजणं चुकीचं आहे. मेक्सिकन सिनेमाच्या सुवर्णकाळातला तो आघाडीचा दिग्दर्शक. त्याच्या ‘मारिया कांदेलारिया’ला १९४६ साली कान महोत्सवात सर्वोच्च सन्मान विभागून मिळाला होता. म्हणजे सेटवर एक दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे आणि दुसरा कॅमेऱ्यासमोर. यातून खटके उडण्याऐवजी सिनेमाला त्याची सर्वांत लक्षात राहणारी प्रतिमा मिळाली.

पिस्तुलं खरी होती का? जाणकार त्यांत चूक काढतात ती कोणती?

टोळीच्या हातातली पिस्तुलं कोल्ट १९११ म्हणून दाखवली आहेत, पण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती स्पेनमध्ये बनलेली स्टार मॉडेल बी आहेत. बाहेरून जवळजवळ सारखीच. बदल का केला, ते समजायला पोकळ काडतुसाचा स्वभाव माहीत हवा.

अशा काडतुसात दारू असते, पण गोळी नसते. पुढचं तोंड चिमटून बंद केलेलं असतं. स्वयंचलित पिस्तूल पुढचं काडतूस आत घेतं ते गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्यावर. गोळीच नाही म्हणजे नळीत दाब साठत नाही, धक्का पुरत नाही, वरचा भाग अर्ध्यावर अडकतो आणि रिकामं टरफल तिथेच फसतं. उपाय म्हणजे नळीच्या आत बारीक छिद्राची अडचण बसवायची, म्हणजे दाब साठतो. छिद्र जास्त बारीक झालं तर दाब प्रमाणाबाहेर जातो, मोठं राहिलं तर पिस्तूल अडकतं. .४५ च्या कोल्टमध्ये त्या काळी हे गणित भरवशाने जमत नव्हतं. ९ मिलिमीटरचं स्टार चालत होतं. रिव्हॉल्व्हरला ही कटकट नाही, कारण त्याची चकती बोटाच्या जोरावर फिरते.

चूक सापडते ती मशीनगनमध्ये. शेवटच्या लढाईत धडधडणारी पाण्याने थंड होणारी ब्राउनिंग ही १९१७ सालची, आणि गोष्ट १९१३ ची. हे बोट दाखवणं रास्त आहे. पण १९१३ ची अस्सल आणि पोकळ काडतुसांवर न अडकता चालणारी मशीनगन १९६८ साली मेक्सिकोत मिळवणं म्हणजे वेगळाच उपद्व्याप झाला असता.

या सिनेमात ९०,००० पोकळ काडतुसं उडवली, असं तेव्हाच्या जाहिरातीत छापलं जायचं. जाहिरातीतला आकडा म्हणून त्याकडे पाहावं.

गोळी लागल्यावर अंगातून रक्त उडतं, ते कसं केलं?

स्क्विब नावाच्या विजेवर उडणाऱ्या चिमुकल्या बारांनी. तंत्र या सिनेमाने शोधलं नाही, पण इतक्या सढळ हाताने त्याआधीच्या वेस्टर्नमध्ये कुणी वापरलं नव्हतं. तोपर्यंतचा रिवाज म्हणजे नटाने छाती धरायची आणि सावकाश कोसळायचं.

रचना आतून बाहेर अशी समजून घ्या. अंगाला लागून जाड चामड्याची किंवा धातूची ढाल. ढालीवर बार. त्यावर बनावट रक्ताची पातळ पिशवी. त्या काळी त्यासाठी सर्रास निरोध वापरत. त्यावर सदरा. सदऱ्याचं कापड त्या जागी आतल्या बाजूने घासून किंवा पात्याने अर्धवट कापून कमकुवत करतात. हे राहिलं तर पिशवी आतल्या आत फुटते, बाहेर फक्त ओला डाग पडतो आणि टेक वाया जातो. बारापासूनच्या तारा कपड्यांखालून पायाशी काढायच्या आणि तिथून कॅमेऱ्याबाहेर बसलेल्या माणसाच्या बटणपेटीपर्यंत न्यायच्या.

बिघडतं कुठे? घामाने सांधे ओले होतात. पळताना तार ओढली जाते आणि तुटते. नट एक पाऊल आधी कोसळतो आणि बार जमिनीकडे तोंड करून उडतो. पेकिनपाला तर गोळी आत शिरताना एक आणि पाठीतून बाहेर पडताना त्याहून मोठा, असे दोन्ही बाजूंचे फवारे हवे होते. म्हणजे माणशी बार दुप्पट, तारा दुप्पट, आणि पाठीवर पडायचं तर पाठीत ढाल रुतणार हेही ओघाने आलंच.

सुरक्षेचा मूळ नियम आजही तोच आहे: तारा पेटीला अगदी शेवटी जोडायच्या, आणि पेटीची किल्ली ज्याने बार बांधले त्याच्याच खिशात राहायची.

एवढे सैनिक मेले, मग एवढे गणवेश आणले कुठून?

आणले नाहीत, तेच तेच वापरले. या सिनेमाच्या पडद्यामागच्या गोष्टींतली आमची सर्वांत आवडती गोष्ट हीच.

कपडेपटाची जबाबदारी गॉर्डन डॉसनकडे होती. हाताशी सुमारे साडेतीनशे गणवेश. मरणारे त्याच्या कित्येक पट, कारण प्रत्येक टेकमध्ये माणसं मरत होती आणि शेवटच्या लढाईचं चित्रीकरण अकरा-बारा दिवस चाललं. एकदा स्क्विब उडाला की सदऱ्याला भोक, कडा जळलेल्या आणि भोवती तांबडं थारोळं. धुऊन वाळवायला वेळ नाही, नवे शिवायला पैसा नाही.

मग मैदानातच दुरुस्तीचं दुकान मांडलं. मेलेला सैनिक उठून यायचा. रक्त पुसायचं, भोकावर चिकटपट्टी मारायची, तिच्यावर खाकी रंग फासायचा, नवा बार बांधायचा आणि गड्याला पुन्हा मरायला पाठवायचं. दिवसाअखेरीस कापड कमी आणि पट्ट्या जास्त अशी अवस्था. पुढे बसलेल्या सैनिकाला पुढच्या टेकमध्ये मागे पाठवायचं, टोपी डोळ्यांवर ओढायची, तोंडाला धूळ फासायची, म्हणजे चेहरा ओळखू येत नाही. लढाईचे तुकडे सेकंदाच्या आत पालटत राहतात, त्यामुळे प्रेक्षकाला पट्ट्या दिसत नाहीत. चित्र थांबवून पाहिलं तर काही ठिकाणी सदऱ्यांवरचे चौकोनी ठिगळासारखे डाग हाताला लागतात.

संथगतीचे शॉट कसे घेतले? कॅमेरा हळू फिरवायचा का?

उलट, वेगात. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं दाखवली जातात. कॅमेऱ्याने सेकंदाला १२० चित्रं टिपली आणि दाखवली २४ च्या वेगाने, तर हालचाल पाचपट मंद दिसते. छायाचित्रकार ल्युसियन बॅलार्डच्या चमूने एकाच प्रसंगावर अनेक कॅमेरे लावले आणि प्रत्येकाचा वेग निराळा ठेवला: एक नेहमीच्या २४ वर, बाकीचे ३०, ६०, ९० आणि १२० पर्यंत.

याची किंमत दोन जागी मोजावी लागते. पहिली फिल्ममध्ये. ३५ मिलिमीटरच्या फुटात १६ चित्रं मावतात. नेहमीच्या वेगाने मिनिटाला ९० फूट लागतात. १२० वर ४५० फूट. म्हणजे ४०० फुटांची पेटी साडेचार मिनिटांऐवजी ५३ सेकंदांत संपते, आणि त्यातली सुरुवातीची काही सेकंदं कॅमेरा पुरता वेग घेईपर्यंत फुकट जातात. स्टंटवाला छपरावरून पडायला जरा रेंगाळला तर फिल्म आधी संपते, माणूस नंतर पडतो.

दुसरी किंमत उजेडात. वेग पाचपट म्हणजे प्रत्येक चित्राला मिळणारा प्रकाश पाचपट कमी, सव्वादोन स्टॉपांहून जास्त घट (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). साध्या कॅमेऱ्यावर भिंगाचं तोंड f/११ एवढं चालत असेल तर शेजारच्या वेगवान कॅमेऱ्यावर ते f/५ च्या आसपास, म्हणजे जास्त उघडावं लागतं. मग फोकसमध्ये राहणारं अंतर कमी होतं आणि लांब (दूरचं जवळ दाखवणाऱ्या) भिंगावर फोकस धरणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. रखरखीत ऊन इथे उपयोगी पडलं. हीच लढाई ढगाळ हवेत घेता आली नसती.

एकूण फिल्म किती लागली?

सुमारे ३,३०,००० फूट. १४५ मिनिटांचा तयार सिनेमा १३,०५० फुटांचा भरतो, म्हणजे वापरलेल्या एका फुटामागे पंचवीस फूट चित्रित झाले.

पूल उडण्याचा प्रसंग एकाच वेळी घेतला का? त्यात कुणी दगावलं का?

पूल सिनेमासाठीच बांधला होता, लाकडी, आणि उडवायचा एकदाच. दुसरी संधी नव्हती, म्हणून तो चित्रीकरणाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात ठेवला. तोपर्यंत बाकीचं सगळं पदरात पडलेलं होतं.

पडद्यावर पूल फुटतो आणि पाठलाग करणारे पाच स्वार घोड्यांसकट नदीत कोसळतात. यात खरं तर दोन वेगळी कामं एका क्षणात बसवली आहेत. एक, खालच्या खांबांचे स्फोट. दुसरं, पुलाच्या मधल्या भागाचा बिजागरीवर खाली झुकणारा पाट, ज्यावरून घोडे आणि माणसं घसरून पाण्यात जातात. दोन्हींची वेळ जुळली तर प्रेक्षकाला वाटतं की स्फोटानेच ते खाली फेकले. वेळ चुकली तर दोन धोके: पाट आधी सुटला तर माणसं हवेत असताना खालून बार उडतो, स्फोट आधी झाला तर घोडे बुजून पाटावरच उधळतात. स्टंटवाल्यांना त्या शेवटच्या बाराची धास्ती होती, आणि ती रास्तच होती.

पाण्यात पडल्यावर धोका स्फोटाचा नसतो, घोड्याचा असतो. माणूस आणि घोडा एकाच जागी पडले तर वर येणारी टाप डोक्यात बसते. म्हणून स्वाराने रिकिबीतून पाय आधीच मोकळे ठेवायचे आणि घोड्यापासून दूर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला उडी घ्यायची. स्वार वाचले. नदीकाठी लावलेल्या कॅमेऱ्यांपैकी एक मात्र नासासने गिळला.

घोड्यांना इजा झाली का?

त्या काळाचा संदर्भ इथे महत्त्वाचा. १९३९ च्या ‘जेसी जेम्स’मध्ये कड्यावरून पाण्यात पाडलेला घोडा मेला आणि ओरड झाली. त्यानंतर अमेरिकन ह्युमेन असोसिएशन या प्राणिहिताच्या संस्थेला सेटवर देखरेखीचा अधिकार मिळाला. तो हॉलीवूडच्या जुन्या सेन्सॉर संहितेला बांधलेला होता. साठच्या दशकात संहिता मोडीत निघाली, तशी देखरेखही गेली आणि १९८० पर्यंत परत आली नाही. ‘द वाइल्ड बंच’ नेमका त्या मधल्या काळातला, तोही मेक्सिकोत बनलेला.

घोडा पाडायच्या दोन पद्धती. जुनी आणि क्रूर: पुढच्या पायांना तार बांधून तिचं टोक जमिनीतल्या खुंटाला, भरधाव घोडा तार संपली की तोंडावर आपटतो, मान किंवा पाय मोडतो. दुसरी शिकवलेल्या घोड्याची: स्वार लगाम एका बाजूला खेचतो आणि घोडा खांद्यावर लोळण घेतो. त्यासाठी जमीन आधी खणून भुसभुशीत करावी लागते आणि कॅमेरा ठरलेल्या जागी असावा लागतो. सिनेमात काही घोडे मान वळवून कुशीवर जातात, काही सरळ नाकावर. यावरून काय ते ताडता येतं, आणि ते बघवत नाही.

पेकिनपा खरोखर माणसांना तडकाफडकी घरी पाठवायचा?

हो. युनिटमधून काढलेल्यांचा आकडा विसाच्या पुढे सांगितला जातो. या वागण्यावरून होल्डनने निघून जाण्याची धमकी दिली, असंही सांगतात.

त्यामागची पार्श्वभूमी अशी: १९६४ साली ‘द सिनसिनाटी किड’वरून त्याला काढून टाकलं होतं, त्याआधीच्या ‘मेजर डंडी’ची स्टुडिओने कापाकापी केली होती, आणि मग बराच काळ सिनेमाचं काम नव्हतं. १९६६ च्या ‘नून वाइन’ या टीव्हीपटाने नाव सावरलं. हा सिनेमा हातचा गेला तर दारं बंद, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तरी या चिडीला सिनेमाच्या यशाचं श्रेय देण्याची जी फॅशन आहे, ती आम्हाला पटत नाही. लढाई उभी राहिली ती डॉसनच्या चिकटपट्टीवर, बॅलार्डच्या कॅमेऱ्यांच्या मांडणीवर आणि संकलक लू लोम्बार्डोच्या टेबलावर. ही तिन्ही माणसं शांतपणे आपलं काम करत होती.

शेवटची ती चौघांची चाल पटकथेत होती का?

होती ती नावापुरती. लांबवली जागेवर. चौघे शस्त्रं उचलतात आणि गावातून, गाणाऱ्या-पिणाऱ्या सैनिकांमधून चालत जातात. पेकिनपाने तिथल्या तिथे माणसं पेरली, वळणं घातली, लांब भिंग लावलं. लांब भिंगामुळे मागचं-पुढचं अंतर दबतं. माणसं चालतात, पण जवळ येत आहेत असं वाटत नाही. बोर्गनाइनच्या पायाकडे इथे लक्ष ठेवा.

संकलनाला इतका वेळ का लागला?

कारण एकाच मरणाचे पाच वेगांतले पाच तुकडे हाताशी होते. लोम्बार्डोने एका टीव्ही मालिकेत संथगतीचा एक मृत्यू साध्या वेगाच्या चित्रांत मिसळून पाहिला होता. तोच धागा इथे शंभर ठिकाणी ताणला. माणूस छपरावरून संथ पडू लागतो, मध्येच रस्त्यावरची झटापट खऱ्या वेगाने येते, पुन्हा तो पडतच असतो. सुरुवातीच्या दरोड्याची पहिली जुळणी वीस मिनिटांच्या पुढे गेली होती. छाटत छाटत ती पाचेक मिनिटांवर आली.

सिनेमात ३,६०० हून जास्त तुकडे आहेत असं छापून येतं. मोजणाऱ्यांना ते त्याहून बरेच कमी भरतात. तरीही त्या काळासाठी संख्या प्रचंडच.

किती मिनिटांची आवृत्ती पाहावी?

सुमारे १४५ मिनिटांची. प्रदर्शनानंतर लवकरच, पेकिनपाला न विचारता, जवळजवळ १० मिनिटं कापली गेली. निर्माता फिल फेल्डमनची त्याला संमती होती. दिवसाला एक खेळ जास्त बसावा, हा हिशोब. गेले ते मारामारीचे भाग नव्हेत. पाइक आणि थॉर्नटनच्या जुन्या आठवणी गेल्या, आणि क्रांतिकारक पांचो व्हियाच्या माणसांनी मापाचेवर केलेला हल्ला गेला. त्यामुळे थॉर्नटन पाइकच्या मागे का लागला, हेच कळेनासं होतं.

जुनी डीव्हीडी असेल तर एक खाचखळगा लक्षात ठेवा. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत सिनेमा सेकंदाला २५ चित्रांनी चालतो, त्यामुळे १४५ मिनिटांची आवृत्ती १३९ मिनिटांत संपते. वेष्टनावर १३९ पाहून ती कापलेली समजू नका. पाल डीव्हीडीवर १३० च्या आसपास आकडा असेल तर मात्र ती कापलेलीच.

याला ऑस्कर का मिळालं नाही?

मूळ पटकथा आणि संगीत अशी दोन नामांकनं होती. दोन्ही बक्षिसं ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ने नेली. गंमत म्हणजे विषय मिळताजुळता असल्यामुळे त्या सिनेमाच्या आधी आपला लागला पाहिजे, याची वॉर्नर स्टुडिओला घाई होती. प्रदर्शनात पहिले आले खरे, बक्षिसांत नाही. संकलनाला तर साधं नामांकनही नव्हतं, आणि त्या वर्षीच्या नामांकनांतली ही चूक डोळ्यांवर येण्यासारखी आहे.

‘शोले’वर याची छाया आहे का?

‘शोले’ने ज्या वेस्टर्नपटांकडून घेतलं, त्यांत पेकिनपाचं नाव घेतलं जातंच. संथगती आणि आगगाडीवरची झुंज ही उघड नाती. ‘शोले’ची ती आगगाडी मुंबई–पुणे रेल्वेमार्गावर, पनवेलजवळ धावली, आणि स्टंटसाठी ब्रिटनमधून माणसं आणली होती. दोन्ही प्रसंग पाठोपाठ पाहिले तर एक फरक जाणवतो: पेकिनपाची लूट जवळजवळ मुकी आहे, आपल्याकडची दणदणीत.

पडद्यामागचं काही प्रत्यक्ष पाहायला मिळतं का?

मिळतं. चित्रीकरणाच्या वेळी सेटवर काळंपांढरं, मुकं असं सव्वा तासाच्या आतबाहेरचं चित्रण झालं होतं. ते बऱ्याच वर्षांनी सापडलं आणि पॉल सेडॉरने त्यातून ‘द वाइल्ड बंच: अॅन अल्बम इन मोंटाज’ हा अर्ध्या तासाचा माहितीपट १९९६ साली केला, त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. मूळ सिनेमाच्या बऱ्याच डिस्कवर तो जोडलेला असतो. आधी सिनेमातला पूल पाहा, मग लगेच माहितीपटातली पुलाची तयारी लावा, आणि त्यानंतर पूल पुन्हा एकदा आवाज बंद करून पाहा.